वकिलीणबाईंचे कागद

दफ्तरखान्यात साहेबांपासून सगळे तिला ताई म्हणत. जुन्या कागदांच्या गंजलेल्या टाचण्या उपसायच्या, धूळ झटकायची, सूचीत नोंद करायची, यातच तिची उमेदीची वर्षं गेली. नवरा चिडवायचा, "दुसऱ्यांची रद्दी सांभाळायचा पगार घेतेस." ती म्हणायची, "घरी फुकट सांभाळते, ते नाही दिसत."

तर एके दिवशी नष्ट करायच्या कागदांतला एक गठ्ठा तिच्या टेबलावर आला. एका वकिलांच्या अर्जांचे कच्चे मसुदे. पक्क्या प्रती कोर्टात होत्या, स्कॅनिंग उरकलं होतं, सोमवारी गठ्ठा लगद्याला जायचा. ताईने फक्त टाचण्या काढायच्या. एक निघेना म्हणून तिने कागद उलटा केला आणि बघतच राहिली.

मागे बारीक, तिरकं अक्षर. बायकांना वारसाहक्क का हवा, यावर अख्खा लेख. पुढच्या कागदामागे गोष्ट, त्याच्या पुढच्यामागे सभेतलं भाषण. एका कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘कोरे कागद मागितले. म्हणाले, तुला कशाला?’ म्हणून या वकिलीणबाईंनी नवऱ्याच्या टाकाऊ कागदांवर जन्मभर लिहिलं. कुठल्याशा मासिकात चार गोष्टी छापून आल्या तेवढ्याच, बाकी सगळं इथे पालथं पडलेलं. आणि दफ्तरखान्याची रीत काय, तर ज्या बाजूला छापील नाव ती पुढची बाजू, आणि स्कॅन तिचंच. बाईंचं एक अक्षर कुठे उतरलं नव्हतं.

"यादीवर सही झालीये, ताई," साहेब म्हणाले.

"अर्ध्याच कागदावर झालीये, साहेब."

"मग वकिलांच्या नातवाला विचारा. कागद त्यांनी दिलेत."

नातू फोनवर हसला. "आजी? ती कुठली लिहिणार? दुपारी काहीतरी खरडत बसायची खरी. हिशेब असतील."

ताईचं टाळकंच सटकलं. फोन ठेवून तिने गठ्ठा सोडला, एकेक कागद उलटा करून पुन्हा बांधला आणि वर नवी चिठ्ठी लावली. बाईंचं स्वतःचं नाव, खाली ‘लेखिका’, आणि त्याखाली ‘मागच्या बाजूला यजमानांचे अर्ज, महत्त्वाचे नाहीत.’ मग तो साहेबांपुढे आदळला.

साहेबांनी चष्मा पुसून चिठ्ठी दोनदा वाचली. चेहरा पडला.

"असं कसं लिहिता, ताई? केवढा नामांकित माणूस. त्यांचे कागद बिनमहत्त्वाचे म्हणून लगद्याला घातले असं उद्या कोणी म्हटलं तर?" त्यांनी पेन उघडलं आणि यादीतून गठ्ठा खोडला. "राहू दे. वकिलांसाठी म्हणून राहू दे."

बाई वाचल्या. ताई गठ्ठा उचलून जागेवर आली. आनंद व्हायला हवा होता, पण संतापाच्या भरात, आदळून सुटलेली सुतळीची गाठ तिच्याकडून काही केल्या बसेना.