वाणाची वाटी

रियाधमध्ये बार नाहीत, आणि आमच्यासारख्या पुरुषांनी जमायचे बार तर मुळीच नाहीत. तरी ओलाया भागात आमचा एक होता. आधी तो एका ज्यूसच्या दुकानामागच्या खोलीत भरायचा. ते दुकान पाडून तिथे बँक उभी राहिली, तेव्हा तो माझ्या मित्राच्या फ्लॅटवर आला. मित्र म्हणजे ज्याच्यावर माझा जीव होता तो. द्राक्षाच्या रसात साखर आणि यीस्ट घालून तो प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये दारू मुरवायचा. आंबट, घाण लागायची. फोनवर सरळ विचारायची सोय नव्हती, म्हणून शुक्रवारी आम्ही 'भजी आहेत का' असं विचारायचो. आता ती इमारतही गेली, तिथे काचेचा टॉवर आहे.

तिथे मी साडी नेसायचो. आईला पाठवायची म्हणून बथाच्या बाजारातून घेतलेली मोरपंखी साडी, ती आईपर्यंत कधी गेलीच नाही. या गोष्टीची मला लाज वाटायची. पण नेसून बसलो की थोडा वेळ वाटायची नाही, आणि त्या थोड्या वेळासाठी मी अख्खा आठवडा ढकलायचो.

आखाती युद्ध सुरू झालं तेव्हा संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. विषारी गॅसच्या भीतीने जो तो घरातली एक खोली प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीने बंद करत होता. मित्राची आतली खोली बिनखिडकीची. खालच्या मजल्यावर पुण्याचं एक कुटुंब राहायचं, नवरा-बायको आणि लहान मुलगी. त्यांना मित्रानेच सांगून ठेवलं होतं की हल्ल्याचा भोंगा झाला की वर या. शुक्रवारी भोंगा होणार नाही असं या शहाण्याने कसं धरलं होतं कोण जाणे.

शुक्रवारी संध्याकाळी भोंगा झाला. साडी सोडायलाही वेळ मिळाला नाही. ती तिघं आत आली आणि आम्ही सगळे त्या बंद खोलीत दाटीवाटीने बसलो. नवरा माझ्याकडे टक लावून बघत होता. तो बाहेर एक शब्द जरी बोलला असता तरी आमचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला असता, आणि त्याआधी तुरुंग.

मित्र म्हणाला, "मंडळाच्या नाटकाची तालीम चालली होती. बाईचं काम याच्याकडे आहे."

नवऱ्याचा चेहरा एकदम सैल झाला. तो नाटकवेडा निघाला. भोंगा थांबेपर्यंत एखादा प्रवेश होऊन जाऊ दे म्हणाला. मग मी मान वेळावली, हनुवटीवर बोट टेकवलं आणि किनऱ्या आवाजात "इश्श, असं काय बघता" म्हणालो. सगळे हसले. मुलीने परत करायला लावलं, मी परत केलं. माझा मित्र तर डोळे पुसत हसत होता. ज्या साडीत मी कधी कुणाची नक्कल केली नव्हती, तिच्यात मी माझीच टिंगल करत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फक्त वहिनी हसल्या नाहीत. त्या माझ्या निऱ्यांकडे बघत होत्या. सगळं निवळल्यावर नवरा मुलीला घेऊन पुढे गेला, तेव्हा दारात थांबून त्या हळूच म्हणाल्या, "एका तालमीत इतक्या नीट निऱ्या येत नाहीत. जपून राहा, भाऊजी."

मित्राला मी हे सांगितलं नाही. तो वाचलो, वाचलो म्हणत मोरीत दारू ओतत होता. शुक्रवार त्या दिवसापासून बंद झाले.

रथसप्तमीच्या आधी वहिनी ताट घेऊन वर आल्या. यंदा हळदीकुंकू करणं शक्य नव्हतं, म्हणून ओळखीच्या घरी त्या स्वतःच जात होत्या. मित्राच्या तळहातावर त्यांनी तिळगूळ ठेवला. मला मात्र स्टीलच्या नव्या वाटीतून दिला. बायकांना देतात ते वाण. आईच्या कपाटात अशा वाट्यांची चळत होती. ती वाटी मला हवी होती.

मित्र शेजारी उभा राहून वाटीकडे बघत होता. ती ठेवून घेतली असती तर वहिनींना कळलंय हे त्यालाही कळलं असतं. मी तिळगूळ हातावर उपडा केला आणि वाटी पुढे केली.

"तुमची वाटी, वहिनी."

वाण परत करत नाहीत, हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग रिकामी वाटी ताटात ठेवली आणि जिना उतरून गेल्या.