जोडीची गॅरंटी

मला आधी एक सांगा, टर्कीची जोडी घ्यायला निघालात तर भरवसा कुणावर ठेवाल? विकणाऱ्यावर, इंटरनेटवर, की खुद्द पक्ष्यावर?

आमचं पशुखाद्याचं दुकान मार्केट यार्डाजवळ, शिक्षण आठवीपर्यंत, आणि खडकीतल्या घरामागं टर्कीची शेड. एवढं असल्यावर किस्से गोळा करावे लागत नाहीत. पिसांसारखे ते रोज झाडून काढावे लागतात!

सुरुवात झाली ती आयटीमुळं. हिंजवडीत कंपन्या आल्या, त्यांच्यामागं परदेशी साहेब आले, आणि एका हॉटेलचा आचारी दुकानात येऊन विचारू लागला, "शेठ, डिसेंबरात टर्की मिळेल का?"

मी तोवर टर्की चित्रातही पाहिली नव्हती. पण गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायची सवय नाही. "मिळेल!" म्हणालो आणि बाजारातून एक जोडी आणली. विकणाऱ्यानं सांगितलं, "शेपटीचा पंखा करतो तो नर. बाकी बघायचं काय?"

काही महिन्यांनी मादी अंड्यांवर बसली. आठवड्याभरात नरही बसला!

महिनाभर वाट पाहिली, एक पिल्लू निघेल तर शपथ. मी पत्र्याला दोष दिला, उन्हाला दिला, खाद्याला दिला. खाद्य आमच्याच दुकानाचं होतं, म्हणून तो दोष लगेच मागं घेतला.

आमच्या सौभाग्यवती दारातून म्हणाल्या, "अहो, सगळी तयारी केलीत. नवरदेव तेवढा आणायचा राहिला!"

त्या दिवशी कळलं, रुबाब करायचा झाला तर मादीसुद्धा पंखा फुलवते.

मग मी स्टूल टाकून बसलो. रोज सकाळी दोन तास, दुकान उघडण्याआधी. पुस्तक नाही, मास्तर नाही. बघता बघता खुणा दिसायला लागल्या. नराच्या चोचीवरची मांसल सोंड तो तावात आला की चोचीच्याही खाली लोंबते, मादीची बोटाच्या पेराएवढीच राहते. नराचे पाय जाड, डोकं उघडं, लाल-निळं. इतकंच काय, विष्ठासुद्धा वेगळी! नराची लांबट, टोकाला वळलेली. मादीची गोल वेटोळं. हसू नका, शेड मी स्वतः झाडतो.

शेजारी मेश्रामसाहेब राहतात. मूळचे भंडाऱ्याकडचे, दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी करून रिटायर झालेले. मी एकदा त्यांच्यासमोर नुसती सोंड बघून "हा नर" म्हणालो.

"एकाच खुणेवर पास करता शेठ?" ते म्हणाले. "आम्ही असा माल पास केला असता, तर खडकी उरली असती का?"

पटलं. दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली : 'तीन खुणा पटल्याशिवाय जोडी मिळणार नाही. जोडी चुकल्यास पैसे परत, पक्षीही ठेवा. घाई असल्यास कोंबडी घ्यावी.'

निखिल नावाचा एक इंजिनिअर आला, बाणेरला बंगला बांधलेला. शेडमध्ये आठ दिवसांची पिल्लं होती.

"काका, एक मेल, एक फीमेल पॅक करा ना. जरा अर्जंट आहे."

"चार महिन्यांनी या."

"पण आत्ताच सांगा ना यातला मेल कुठला?"

"अहो, अजून त्यांनाच माहीत नाही!"

गडी चार महिन्यांनी खरंच आला. सोबत ऑफिसची आठ-दहा माणसं, आणि त्यांचे मॅनेजर. मॅनेजर खणखणीत आवाजात टर्कीवर माहिती देऊ लागले. आता नराचा स्वभाव असा, की मोठा आवाज झाला की तो उत्तर देणार. साहेबांचं वाक्य संपलं की सगळे नर एका सुरात, "गळळळ!" पुन्हा वाक्य, पुन्हा "गळळळ!" माद्या आपल्या मान खाली घालून दाणे टिपतायत.

टीममधली एक मुलगी माझ्या कानाशी आली. "काका, आमच्या मीटिंगमध्ये सेम असतं!"

निखिल त्या दिवशी तीन खुणांची जोडी घेऊन गेला. आणि आणखी चार महिन्यांनी, एका रविवारी, खोक्यात मादी घालून परत आला.

"काका, गॅरंटी. हिला दाढी आलीये."

बघतो तर खरंच! छातीवर काळ्या राठ केसांचा झुपका, जो नराला असतो. अंगणात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी, शेजारून मेश्रामसाहेबही आलेले. त्यातच पुलापलीकडचा पक्षीवाला, माझ्यापेक्षा स्वस्तात जोड्या विकणारा. तो म्हणाला, "दाढी म्हणजे नर. शेठ, आता पाटी उतरवा."

निखिलनं लॅपटॉप उघडला. त्यानं खुणांना मार्क देणारा तक्ता केला होता. "कॉम्प्युटरही नरच म्हणतोय. दाढीला सगळ्यात जास्त मार्क आहेत."

मी पक्षी हातात घेतला. सोंड छोटी. पाय बारीक. खोक्यात वेटोळं. खुणा तीन, पण समोर दाढी! तशी दाढीवाली मादी मी आयुष्यात पाहिली नव्हती. तरी म्हणालो, "मादीच आहे. चुकलो तर पाटी मीच उतरवीन. चहा टाकलाय, तेवढा घेऊ."

पक्षी सोडला. तो पोत्यांमागच्या भुशात जाऊन बसला. पक्षीवाला हसत होता, निखिल घड्याळ बघत होता. चहा आला, संपला, कपही आत गेले. तरी तो उठेना.

शेवटी उठला, अंग झटकलं आणि चालू लागला. भुशात ठिपक्याठिपक्यांचं अंडं!

पक्षीवाल्यानं ते उचललं, उलटंसुलटं केलं. "आधीच ठेवलं असेल कुणी."

मेश्रामसाहेबांनी त्याच्या हातातून घेतलं, गालाला लावलं आणि म्हणाले, "गरम आहे. पास!"

निखिल खाली मान घालून तक्त्यातली या पक्ष्याची ओळ पुसायला लागला. मी त्याचा हात धरला.

"पुसू नकोस रे. कॉम्प्युटर चुकला, असंच लिही. आणि खाली माझ्या नावानं लिही, अंडं दिसेपर्यंत काकांनाही खात्री नव्हती. हिशेब ठेवायचाय ना? मग खरा ठेव बाबा."