धुरीबाईंनी पास केलेलं चाक

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात विमला धुरींना सगळे 'धुरीबाई' म्हणतात, आणि हा मान त्यांनी पाण्याच्या टाकीपाशी बसून कमावला. भांडुपला फ्रिजच्या मागच्या नळ्या बनवणारा एक कारखाना होता. नळीत हवा भरायची, ती टाकीत बुडवायची आणि बुडबुडा येतो का ते बघायचं, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं ना? मग बसा एक दिवस. नुसती नळी पाण्यात घातली तरी अंगाला चिकटलेली हवा बुडबुडे सोडते. त्यातला फुकटचा कुठला आणि गळतीचा कुठला, हे ओळखायला नजर लागते. मोठमोठे इंजिनियर हातात कागद घेऊन यायचे आणि म्हणायचे, "बाई, तेवढं बघा जरा." बाई बघायच्या, मान हलवायच्या, माल पास. एकोणतीस वर्षांत त्यांनी पास केलेला एकही नग परत आला नाही. हे मी नाही, त्या स्वतः सांगतात, दिवसातून दोनदा.

रिटायर होऊन त्यांना पाच वर्षं झाली. यजमान गावी कुडाळला काजूच्या बागेमागे लागलेले, मुलगा निलेश विमानतळावर शिफ्टमध्ये अडकलेला. त्यामुळे घरात बहुतेक वेळा दोघीच, धुरीबाई आणि त्यांची सून श्रुतिका.

श्रुतिका एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घेते. सकाळी साडेसहाला पहिलं घर, मग इमारतीमागून इमारत. आणि हे सगळं ती करते एका चाकावर. खरंच एका. मधे जाड चाक, दोन बाजूंना पाय ठेवायला पट्ट्या, वर उचलायला मूठ. ना सीट, ना हँडल. पुढे झुकलं की पळतं, मागे झुकलं की थांबतं. लिफ्टमध्ये मावतं, पार्किंग शोधावं लागत नाही. तिने ते पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा धुरीबाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बाकीची गाडी कुठे राहिली?"

पण यंत्र म्हटलं की बाईंचं काळीज पाघळतं. आठवड्याभरात त्या शेजारणींना बॅटरी किती वेळ चालते ते सांगायला लागल्या होत्या.

घोडं अडलं ते ट्यूबपाशी. सायकल पंक्चर झाली तर दहा मिनिटांचं काम. इथे मोटर चाकाच्या पोटातच. एक पंक्चर काढायचं तर तीसेक स्क्रू खोला, वायरी सोडवा, अख्खं चाक बाहेर काढा, मग टायरला हात लावा. दिवस गेला. एका महिन्यात दोनदा खिळा घुसला आणि दोन्हीदा श्रुतिकाची वाट लागली. टागोर नगरातले एक आजोबा उपाशीपोटी, बिनचहाचे, साडेनऊपर्यंत तिची वाट बघत बसले. नंतर त्यांनी लॅबला फोन करून जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. लॅबच्या मॅडमनी श्रुतिकाला सरळ सांगितलं, आणखी एकदा उशीर झाला तर कन्नमवार आणि टागोर नगर दुसरीला देणार आणि तुला मुलुंडच्या सेंटरवर बसवणार. म्हणजे फिरतीचं काम गेलंच.

"ट्यूब काढूनच टाकते," श्रुतिका म्हणाली. "ट्यूबलेस करायचं. मग खिळा घुसला तरी आत ओतलेलं चिकट औषध भोक बुजवतं. नाहीच बुजलं तर वरून रबराची वात खोचायची. स्क्रू खोलायची भानगडच नाही."

"पण हवा रिममधून गळेल त्याचं काय?" धुरीबाईंनी विचारलं.

"तेच तर बघायला लागेल."

"मग बघायला मी आहे ना!" बाई म्हणाल्या, आणि म्हणून गेल्यावर त्यांना वाटलं, जीभ आवरायला हवी होती.

कारण एक गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती. गेलं दीड वर्ष धुरीबाईंना नीट दिसत नव्हतं. सगळ्यावर साय धरल्यासारखं झालं होतं. मोतीबिंदू, दुसरं काय! ते त्यांनाही कळत होतं. पण सांगतील तर धुरीबाई कसल्या? सुईत दोरा ओवायचा झाला की "माझे हात ओले आहेत गं," म्हणून श्रुतिकाला हाक. बसस्टॉपवर "ही कुठली रे?" असं मोघम विचारायचं. एकदा तर कालची भेंडी जून निघाली म्हणून त्यांनी भाजीवाल्याला दहा मिनिटं झापलं, आणि तो बिचारा लसणीवाला निघाला.

आणि लपवायचं कारण? कारखान्यात दरवर्षी डोळे तपासायचे. नीलम म्हणून त्यांची मैत्रीण होती, टाकीवरचीच. एका वर्षी ती तपासणीत नापास झाली. दुसऱ्या दिवशी तिला टाकीवरून उठवून पॅकिंगला बसवलं. तोवर सगळे तिला 'नीलमबाई' म्हणायचे, तिथे गेल्यावर पोरंसुद्धा 'ए मावशी, खोका दे' म्हणायला लागली. धुरीबाईंनी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की आपल्याला टाकीवरून कुणी उठवायचं नाही.

रविवारी सकाळी इमारतीच्या आवारात गोणपाट अंथरून काम सुरू झालं. कोपऱ्यावरचा टायरवाला मार्तंड आपला छोटा कंप्रेसर घेऊन आला. श्रुतिकाने आधीच चाक बाहेर काढलं होतं आणि कुठला स्क्रू कुठला ते कळावं म्हणून सगळे रक्ताच्या रिकाम्या बाटल्यांत भरून वर चिठ्ठ्या लावल्या होत्या. मार्तंडने पट्टीने टायर उचकटला, ट्यूब ओढून काढली, रिम पॉलिश पेपरने घासून लख्ख केली. जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह जायचा त्याच भोकात नवा व्हॉल्व्ह बसवला. आत एक रबरी वायसर, बाहेर एक, वरून नट.

मग टायर पुन्हा चढवला आणि खरी गंमत सुरू झाली. ट्यूब नाही म्हटल्यावर टायरची कड रिमला चिकटून बसेपर्यंत हवा आत राहीच ना. इकडून भरली की तिकडून फुस्स. मार्तंडने तीनदा कंप्रेसर मारला, तीनदा शिवी हासडली.

"दोरी बांध मधोमध," धुरीबाई खुर्चीवरून म्हणाल्या. "टायरच्या पाठीवर, गच्च. मधून आवळलास की कडा बाहेर पसरतील."

मार्तंडने कपडे वाळत घालायची दोरी टायरभोवती गुंडाळली आणि लाटण्याने पीळ घातला. कडांना भांड्याच्या साबणाचं पाणी चोपडलं, कंप्रेसर लावला. फट! एक कड बसली. फट! दुसरी बसली. दुसऱ्या मजल्यावरची ऋता खिडकीतून टाळ्या वाजवायला लागली.

"मानलं वहिनी तुम्हाला!" मार्तंड म्हणाला. "आता औषध ओतलं की काम खल्लास."

"थांब रे! आधी गळती बघायची, मग औषध. गळती झाकायची नसते, शोधायची असते."

झालं. आता माघार घ्यायची सोय उरली नाही. बाईंनी साबणाचं पाणी मागवलं, चाकापाशी बैठक मारली आणि जुन्या रुबाबात फर्मान सोडलं, "सगळ्यांनी मागे व्हा. बघणारी एकच." मार्तंड आणि श्रुतिका गुमान मागे सरकले. बाईंनी हाताने सगळ्या रिमवर पाणी फिरवलं आणि वाकून बघायला लागल्या.

काय दिसलं? काळं चाक आणि त्यावर पांढरट धुकं. फेस कुठला, ऊन कुठलं, कळेना. त्यांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले. काही नाही. कान लावावा तर वर कुणाच्या तरी घरी ड्रिल सुरू होतं. पाठीमागे श्रुतिका श्वास रोखून उभी होती, हे मात्र त्यांना न बघता कळत होतं. "मला दिसत नाही" एवढे तीन शब्द ओठांपर्यंत आले. तिथेच अडले.

त्यांनी मान हलवली. "पास."

मार्तंडने औषध ओतलं, पस्तीसपर्यंत हवा भरली. संध्याकाळपर्यंत श्रुतिकाने चाक पुन्हा सांगाड्यात बसवलं, आवारात दोन चकरा मारल्या आणि आनंदाने ओरडली, "झकास!" मग लॅबच्या मॅडमला फोन केला. धुरीबाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत ऐकत होत्या. "नाही मॅडम, उद्यापासून लेट नाही. माझ्या सासूबाईंनी स्वतः तपासलंय. त्यांनी पास केलेला एकही नग परत आलेला नाही!"

बाईंची पोळी करपली.

रात्री त्यांना कसली झोप येतेय! श्रुतिका रोज निघायच्या आधी हवा मोजते, पण उद्या मोजणार नाही, कारण आईंनी बघितलंय. हवा कमी असली आणि एखाद्या खड्ड्यात ते एकटं चाक बसलं तर पोरगी थेट तोंडावर. पहाटे उठायचं आणि कुणाला कळायच्या आत अंगठ्याने टायर दाबून बघायचा, असं त्यांनी ठरवलं. आणि नेमका पहाटेच डोळा लागला.

जाग आली ती दाराच्या कडीच्या आवाजाने. सहा वाजून गेले होते. दारामागची चाकाची जागा रिकामी. बाई तशाच गॅलरीत धावल्या. खाली एक निळा ठिपका हलत होता. युनिफॉर्म निळा, म्हणजे तीच.

"श्रुतिकाऽऽ! थांब गो!"

निळा ठिपका थांबला. "काय झालं, आई?"

"चढू नको त्याच्यावर! ते चाक पास नाय!"

"अहो, काल तुम्हीच पास केलंत ना!"

तिसऱ्या मजल्यावरून हे असं बोलणं म्हणजे चाळीस घरांना ऐकवणं. खिडक्या उघडल्याच होत्या. दूधवाला मान वर करून उभा होता. धुरीबाईंनी कठडा घट्ट धरला. रागाच्या किंवा भीतीच्या वेळी त्यांची भाषा सरळ कुडाळला जाते, तशी ती गेली.

"काल मी खोटा बोललंय! माका काय्येक दिसाक नाय गो! दीड वर्ष झाला, माका दिसनाच नाय!"

बोलून टाकलं, आणि मग त्या गाऊनवर ओढणी घेऊन तीन जिने उतरल्या. प्रत्येक पायरी पायाने चाचपत. आज ते लपवायचंही त्यांनी सोडून दिलं.

खाली पोचल्या तेव्हा श्रुतिका हवा मोजून उभी होती. पस्तीसची बावीस झाली होती. तिने चाक भिंतीला टेकवून ठेवलं.

"तुला रागवायचं तर रागव," त्या म्हणाल्या. "पण मी सांगितलं असतं तर तुम्ही मला खुर्चीवरून उठवलं असतं. मग माझं काय काम उरलं या घरात?"

"आई, मी आत्ता तोंडावर पडले असते."

"माहीत आहे. म्हणून तर ओरडले."

श्रुतिकाने घड्याळ बघितलं. "साडेसहाला पहिलं घर आहे, पलीकडच्याच इमारतीत. वीस मिनिटं आहेत. बसा खाली. डोळे माझे घ्या, पण बघायचं कसं ते तुम्ही सांगा. मला कुठे येतंय ते?"

ऋता मगभर साबणाचं पाणी घेऊन धावत आली. धुरीबाई फरशीवर बसल्या.

"मोठे बुडबुडे दिसतील, त्यांच्याकडे बघू नको. ते हाताने पाणी फिरवल्यामुळे येतात, फुटून जातील. बारीक फेस शोध. भात उकळायच्या आधी कडेला येतो ना, तसा. आणि घाई करू नको. एका जागी साठ मोज, मग पुढे सरक."

श्रुतिका मोजायला लागली. डावी कड, काही नाही. उजवी कड, काही नाही. ऋता पण मोजायला लागली. दूधवाला पण.

"व्हॉल्व्हपाशी बघ. नटाच्या बुडाशी."

"काही नाही, आई."

"किती मोजलंस?"

"वीस."

"साठ म्हटलं ना!"

चाळीसला श्रुतिका ओरडली, "आला! आला! पांढरा, एकदम बारीक!"

"रबरी वायसर तिरका बसलाय," बाई एका क्षणात म्हणाल्या. "चाक फिरव, व्हॉल्व्ह वर घे, म्हणजे औषध सांडणार नाही. हवा सोड, नट ढिला कर, बाहेरचा वायसर बोटाने सरळ कर, पुन्हा आवळ. टायरच्या कडा बसल्यात त्या बसल्यात, त्या हलत नाहीत."

श्रुतिकाने पकड फिरवली, मग पायपंपाने हवा भरली. पुन्हा साबण, पुन्हा साठ. या वेळी तिने साठ नाही, शंभर मोजले. फेस आला नाही. धुरीबाईंनी नटाभोवती बोट फिरवलं, ओलं बोट तिथेच धरून ठेवलं. गार वारा लागला नाही.

"तू काय म्हणतेस? पास?" त्यांनी विचारलं.

"पास."

सहा पंचवीस. श्रुतिकाने हेल्मेट चढवलं, पाठीला सॅक अडकवली आणि एक पाय पट्टीवर ठेवला. मग सासूकडे वळून म्हणाली, "बारा वाजता मी मोकळी होते. आधार कार्ड काढून ठेवा. डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये जायचंय. आणि डॉक्टर जे वाचायला सांगतील ते दिसलं तरच वाचायचं."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर नाही दिसलं म्हणायचं."

आयुष्यभर त्यांनी कुणाला शेवटचं वाक्य बोलू दिलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाल्या, "बरं."

चाक घुंई करत निघालं. निळा ठिपका लहान होत गेला, मग रस्त्याच्या राखाडीत मिसळला. धुरीबाई फाटकापाशी उभ्या राहून बघत होत्या. मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या ऋताचा हात धरला.

"ऋता, वळली का गं ती कोपऱ्यावरून? मला दिसत नाही इथून."

"वळली, काकी," ऋता म्हणाली. "एकदम मस्त गेली."