टाकीत दोन बोटे कमी

वाशीमच्या माझ्या दुकानात मी तीस वर्षे पत्र्याचे काम करीत आलो आहे. धान्याच्या कोठ्या आणि उन्हाळ्याआधी कूलर, हाच मुख्य धंदा. होडीसाठी पेट्रोलची टाकी मात्र मी आयुष्यात एकदाच बनवली, आणि त्या टाकीपायी एका निर्दोष माणसाला चार लोकांसमोर चोर ठरवले. ते कसे घडले हे सांगताना टाकीचे काम आधी सांगावे लागेल, कारण माझी चूक त्या कामाच्या आतच होती.

मी मूळचा इंझोरीच्या बाजूचा. आमचे घर भोयांचे. वडील धरणावर मासे धरीत. मी पत्र्याकडे वळलो आणि वाशीमला आलो. तरीही धरणावरच्या मच्छीमार संस्थेने दोन वर्षांपूर्वी मला अध्यक्ष केले. शहरात राहणारा, हळू बोलणारा, भांडणात न पडणारा माणूस त्यांना हवा होता. संस्थेकडे अॅल्युमिनियमची एक लहान होडी आहे आणि तिच्या मागच्या टोकाला पेट्रोलवर चालणारे मशीन. दूरच्या काठावर धरलेले मासे आणायचे आणि चोरून लावलेली जाळी शोधायची, यासाठी ती रोज फिरते. चालवणारा एकच. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, अंगाने किरकोळ, आणि धरणातल्या बुडालेल्या झाडाचा प्रत्येक बुंधा ठाऊक असलेला.

त्याचीच तक्रार होती की मशीनसोबत आलेली प्लास्टिकची टाकी होडीत इकडून तिकडे सरकते, नळीत पाय अडकतो, आणि ती पुरत नाही म्हणून जास्तीचा डबा सोबत न्यावा लागतो. मी म्हणालो, मी बनवून देतो.

होडीचा तळ सपाट नसतो, मधोमध खोल आणि दोन्ही बाजूंना वर चढत जातो. मी आधी पुठ्ठ्याचे माप कापले, तळाशी लावून पाहिले, पुन्हा कापले. मधल्या आडव्या पाटाखाली बसेल अशी, तळाच्या आकाराची लांबट टाकी ठरली. पत्रा मी कापला आणि वाकवला. आत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून भोके पाडलेली एक आडवी पट्टी घातली. अॅल्युमिनियमचे वेल्डिंग माझ्याकडे होत नाही, ते आमच्या जिल्ह्यातल्याच मालेगावच्या एका कारागिराकडून करून घेतले आणि तो करीत असताना शेजारी उभा राहिलो. मग हवा भरून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. पेट्रोल भरायचे तोंड मी टाकीच्या पुढच्या टोकाला ठेवले, म्हणजे ते तापलेल्या मशीनपासून दूर राहील. पत्र्यावर पत्रा घासू नये म्हणून खाली रबराच्या पट्ट्या दिल्या आणि वरून दोन पट्टे आवळले.

शेवटी एक मोजकाठी केली. टाकी दुकानाच्या फरशीवर ठेवून एकेक लिटर पाणी ओतले आणि काठीवर एकेक खाच पाडली. त्या काठीचा मला टाकीपेक्षाही अधिक अभिमान वाटला, हे आज कबूल करायला हवे. ती कोणी मागितलेली नव्हती. मी ती का केली, याचे खरे उत्तर असे आहे की संस्थेचे पेट्रोल कुठे जाते हा प्रश्न माझ्या मनात आधीपासून होता. प्रश्नाला कारण काहीच नव्हते.

टाकी बसवून झाल्यावर आठ दिवस मी गावात माझ्या थोरल्या बहिणीकडे मुक्काम केला. तिचे घर होडी लागते त्या घाटापासून जवळ. ती तिथूनच मासे घेऊन आठवडी बाजारात विकते. पट्टे सैल होतात का, नळी गळते का, ते पाहावे म्हणून थांबलो आहे, असे मी सर्वांना सांगितले.

पहिल्या सकाळी रिकामी होडी काठालगत तरंगत होती. मी काठावर उभा राहूनच झाकण उघडले, काठी बुडवली, खाच पाहिली. संध्याकाळी होडी परत आली. तो मागे मशीनपाशी बसलेला, पायाशी माशांचे क्रेट. मी पुन्हा काठी बुडवली. फेऱ्यांच्या हिशेबाने जितके हवे त्याहून दोन बोटे कमी.

आधी मी गळती शोधली. टाकीखाली हात घातला, तळ कोरडा. नळीचे सांधे कोरडे. तेव्हा मला समाधान वाटले, आणि त्याच समाधानातून दुसरा विचार निघाला: माझी टाकी गळत नाही, म्हणजे पेट्रोल माणसाने काढले.

दुसऱ्या सकाळी मोजले तर पातळी आदल्या संध्याकाळपेक्षा वर आलेली होती. इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. बंद टाकीत पेट्रोल आपोआप वाढत नाही. वाढलेले दिसते तर मोजण्यातच काही खोट आहे. मी मात्र मनात म्हणालो, घाबरला आणि परत आणून ओतले. त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा माझ्या हातात होता आणि मी तो त्याच्या विरुद्ध लावला.

त्यानंतर मला सगळीकडे तेच दिसू लागले. त्याच्या हाताला पेट्रोलचा वास येई. मशीन चालवणाऱ्याच्या हाताला दुसरा कसला वास येणार? त्याच्या अंगणात पोत्याखाली एक डबा होता. मी तिकडे पाहताच त्याच्या बायकोने पोते नीट केले, असे मला वाटले. दोन दिवस त्याची मोटरसायकल दुपारी घरी नव्हती. कुठे जात होता, ते मी आजही विचारलेले नाही. विचारण्याचा हक्क मला तेव्हाही नव्हता.

तिसऱ्या संध्याकाळपासून मी एक नियम केला. होडी काठाला आली की मी मोजेपर्यंत त्याने जागचे हलायचे नाही.

“काहून जी भाऊ?” तो म्हणाला. “मी उतरतो, तुमी मोजा ना आरामात.”

“नाई. तू मागंच बस, मशीनपाशी.”

“बसतो बापा. मले काय, बुडाखाली पाट हाये.” तो हसला.

त्याच्या हसण्याचाही मला संशय आला. तो टाकीजवळ येऊ नये म्हणून मी त्याला दूर बसवीत होतो. आणि रोज दोन बोटे कमी भरत होती.

सहाव्या दिवशी संध्याकाळी घाटावर पाच-सहा जण मासे निवडत बसले होते. माझी बहीणही होती. मी काठी पुसली आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणालो, “पेट्रोल रोज कमी भरून राह्यलं. टाकी तं गळत नाई. मंग जाते कुठं?”

हात थांबले. त्याने मशीनवरचा हात काढला.

“मले म्हून राह्यले का?”

“तूच चालवतं डोंगा. दुसऱ्या कोनाले विचारू?”

बहिणीने माझ्याकडे पाहिले. “भाऊ, घरी बोलू न. इथीसा नको.”

पण मी थांबलो नाही. मी हळू बोलतो म्हणून लोक मला सौम्य समजतात. रागाने ओरडणाऱ्याचे शब्द लोक सोडून देतात. माझे ते तोलून पाहतात. हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, “नसन घेतलं तं पान्याची शपथ घे.”

आमच्या लोकांत ही रीत जुनी आहे. जाळे, मासे किंवा होडी यांवरून आळ आला की त्या माणसाने काठावर उकिडवे बसून मनगटापर्यंत हात पाण्यात घालायचा आणि बोलायचे. मग हात पुसायचा नाही. तो आपोआप वाळेपर्यंत कोणी काही बोलायचे नाही. आणि शपथ घेतली तरी खरे-खोटे होईपर्यंत त्याने होडीवर पाय ठेवायचा नाही. ज्याचे पोट पाण्यावर आहे त्याला ही शपथ घालणे म्हणजे काय, हे भोयाच्या घरात जन्मलेल्या मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

तो उतरला. पाण्याच्या कडेला बसला, उजवा हात बुडवला. “घेतलं असन तं हेच पानी मले घेवो.” एवढेच बोलला. मग हात समोर धरून उभा राहिला. उन्हे उतरली होती, हात लवकर वाळेना. आम्ही सगळे त्या हाताकडे पाहत होतो आणि मी विचार करीत होतो की बोटे थरथरतात का. थरथरत नव्हती. निर्ढावला आहे, असे मी ठरवले.

हात वाळल्यावर त्याने चप्पल घातली आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी होडी नेणार कोण, हा प्रश्न आला. मासे दूरच्या काठावर पडून राहिले असते. लहानपणी डोंगा वल्हवलेला आणि मशीन बसवताना चालवून पाहिलेले, तेवढ्यावर मी स्वतः निघालो. दोनदा बुंध्याला घासलो, एकाच फेरीत दुपार झाली, तरी क्रेट भरून परत आलो. घाटावर कालचीच माणसे होती. मी उठू लागलो तशी बहीण म्हणाली, “थांब. जागचा हलू नको. नेम सगळ्याइले सारखा.”

ती विनोदाने बोलत नव्हती. मी मशीनपाशी बसून राहिलो. तिने झाकण उघडले, काठी बुडवली, वर काढून उन्हात धरली.

“कितव्या खाचेवर असाले पायजे होतं?”

मी सांगितले.

“दोन बोटं कमी हाये.”

कोणीतरी मासे निवडता निवडता म्हणाले, “अध्यक्ष साहेब, मधात कोनाले इकलं जी?”

दुसरा म्हणाला, “अरे, आधी हात तं वल्ला करू द्या त्याइले!”

“नीट पाह्यलं नाई तू,” असे म्हणत मी उठलो आणि क्रेट ओलांडून पुढे टाकीपाशी आलो. तिच्या हातातली काठी घेतली, पुसली, स्वतः बुडवली. पातळी बरोबर त्या खाचेवर होती जिथे असायला हवी.

बहिणीने माझ्याकडे पाहिले, मग मी सोडून आलेल्या जागेकडे. “मांगं जाऊन बस बरं पुन्ना.”

मी मागे जाऊन बसलो. माझ्या आणि मशीनच्या वजनाने होडीचे मागचे टोक खाली गेले, पुढचे वर आले. टाकीतले पेट्रोल मागे सरकले असणार आणि पुढच्या तोंडाशी पातळी उतरली असणार. ते मला बसल्या जागीच समजले. बहिणीने काठी बुडवून काढली आणि सर्वांना दाखवली: पुन्हा दोन बोटे कमी. कोणी हसले नाही.

मी काठी आखली होती ती दुकानाच्या सपाट फरशीवर. कूलरची टाकी फरशीवरच उभी असते. पाणी एका जागी राहत नाही, एवढी गोष्ट मी तीस वर्षांत विसरलो होतो. पण तेही पूर्ण खरे नाही. त्याला मागे बसवून ठेवण्याचा हुकूम माझा नसता, तर तो सहज उठून पुढे आला असता आणि मोजणी बरोबर निघाली असती.

मी तसाच त्याच्या घरी गेलो. तो अंगणात जाळे सांधत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

“काठी खोटी निघाली,” मी म्हणालो.

“काठीनं नाई म्हटलं भाऊ मले. तुमी म्हटलं.”

“चुकलो मी.”

“मले सांगून काय करता? मले तं पयल्यापासूनच मालूम हाये, मी नाई घेतलं थे.”

मी उभा राहिलो. त्याची बायको दारात आली, पाहून आत गेली. पाणी विचारले नाही. थोड्या वेळाने त्याने सुई जाळ्यात खोचली आणि उठला.

“चला घाटावर.”

वाटेत मी म्हणालो की माझा आवाज लहान आहे, पण आज मी सगळ्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने सांगेन. तो चालता चालता थांबला.

“नको. काल तुमी हळूच बोलले होते, तरी साऱ्याइले ऐकू गेलं. आज बी हळूच बोला. आइकतीन.”

मी हळूच बोललो. संशय माझा, काठी माझी आणि नियमही माझा होता, याने काही घेतले नाही, असे म्हणालो. खोटा आळ घेणाऱ्याने काय करायचे, याची आमच्या रीतीत काहीच सोय नाही. शपथ घेणाऱ्याचा हात सर्वांनी पाहायचा असतो. घालणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. बोलून झाल्यावर माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.

त्या दिवशी तो होडीवर चढला नाही. पुढचे चार दिवसही नाही. मुक्काम वाढवून मीच फेऱ्या करीत राहिलो आणि रोज वाटायचे, हा येणारच नाही. पाचव्या सकाळी घाटावर गेलो तर तो मशीनपाशी बसलेला होता. “उशीर करू नका जी, ऊन चढते,” एवढेच म्हणाला.

मी अध्यक्षपद सोडण्याची तयारी दाखवली. संस्थेने अजून काही ठरवलेले नाही. पेट्रोल आता मोजायचे ते होडी रिकामी करून. ते तोच मोजतो.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा तो मला दूरच्या काठाकडे घेऊन निघाला. मी पुढे बसलो होतो, पाठ त्याच्याकडे. धरणाच्या मधोमध त्याने एकाएकी मशीन बंद केले. सगळे शांत झाले आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा: इथेच का थांबवले याने? मला माझी लाज वाटली, पण विचार आला होता. मी वळून पाहिले. तो पाण्याकडे बोट दाखवीत होता. बुडालेल्या बुंध्याला कोणाचे तरी जाळे अडकले होते.

“वाका भाऊ, धरा त्याले. डोंग्याचा तोल मी पाहातो.”

मी दोन्ही हात पाण्यात घातले आणि वाकलो.