अव्वाचा हिसका आणि तिसरा प्रोग्रॅम

सुनंदा, हॉस्टेलमधला शनिवारचा पत्रांचा तास आठवतोय? निळं आंतर्देशीय, शाईने माखलेली बोटं आणि आपल्या दोघींत एकच टीपकागद... पत्राची नक्कल वहीत उतरवल्याशिवाय सिस्टर पत्र हातात घ्यायच्या नाहीत. किती चडफडायचो आपण!

परवा त्या वहीची फार आठवण झाली. का, ते सगळ्यांनाच सांगते...

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. सुनंदा, माझी धाकटी बहीण, कॅनडात होती. आमची आई, म्हणजे अव्वा, हुपरीहून माझ्याकडे कोल्हापूरला राहायला आली होती. अव्वाला लिहायला येत नव्हतं. ती खुर्चीत बसून सांगायची आणि मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचे, तिच्याच शब्दांत. सुनंदाला दिवस गेले होते. तिची मेल आली की अव्वा दोनदोनदा वाचायला लावायची.

एका दुपारी मेल उतरत असतानाच लाइट गेली. लोडशेडिंगचे दिवस ते... यूपीएस होता, पण बॅटरी बसलेली, नुसता कोकलायचा. लाइट आल्यावर बघते तर मेलचा प्रोग्रॅम उघडेना.

सात महिन्यांची पत्रं गेली. बाळाने पहिल्यांदा लाथ मारली ते पत्रसुद्धा. सुनंदाकडेही प्रत नव्हती, कारण ती ऑफिसच्या पत्त्यावरून लिहायची आणि नोकरी सोडल्यावर तो पत्ताच बंद झाला होता.

कंप्युटरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काकी, गेलेली पत्रं काय परत मिळत नाहीत. मशीनमध्ये आम्ही घालून दिलंय तेच परत वापरा की. अख्खं कोल्हापूर तेच वापरतंय!"

मी रडायला लागले. अव्वाने मात्र जन्मभर हुपरीला घरी बसून चांदीची पैंजणं जोडलेली. तिला रडणं चालायचं नाही.

"रडतीस कशाला? पैंजण पेटीत घालायच्या आदी आपण काय करतो? दोन्ही टोकं धरून हिसका मारतो. तुटायचं तर आपल्या हातात तुटू दे, पोरीच्या पायात नको. ह्याला मारलास व्हय हिसका?"

नव्हता मारला. तसं करायचं असतं हेच मला माहीत नव्हतं...

एका मासिकाबरोबर सीडी आली होती, तिच्यावर ई-मेलचे तीन प्रोग्रॅम होते. मी स्वतःलाच वीस खोटी पत्रं पाठवून ठेवली. आमच्या भागात लाइट दुपारी तीनला जायची, अगदी घड्याळ लावून घ्यावं इतकी वेळेवर. पावणेतीनला फोनवरून इंटरनेट जोडायचं, मेल उतरवायला लावायची, अव्वाचं नवीन पत्र टाइप करायला घ्यायचं आणि हिसक्याची वाट बघत बसायचं.

आमचे हे दारातून बघून म्हणाले, "गावानं लाइट जाऊ नये म्हणून देव पाण्यात घातलेत, आणि ह्या मायलेकी ती जायची वाट बघत्यात!"

पहिला प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी गेला. पत्रं गायब, पेटी रिकामी. दुसरा उघडला खरा, पण प्रत्येक पत्र दोनदोनदा दाखवायला लागला. अव्वा म्हणाली, "ह्यो लई बोलतोय. काढ त्याला."

तिसरा दिसायला अगदीच साधा होता, करड्या रंगाचा. त्या दिवशी अव्वा बाळंतपणाच्या सूचना सांगत होती. मध्येच पंखा थांबला, स्क्रीन काळी झाली. आम्ही दोघी अडीच तास भाजी निवडत बसलो, पण लक्ष सगळं त्या बंद डब्याकडे...

साडेपाचला लाइट आली. वीसच्या वीस पत्रं जागेवर होती. आणि अर्धवट राहिलेल्या पत्रांत अव्वाचं पत्र, शेवटच्या शब्दापर्यंत: 'नंदा, बाळाला तेल लावताना टाळूवर'...

"म्हंजे लाइट गेली तरी माझं बोलणं ऱ्हायलं?"

"राहिलं, अव्वा."

"मग ह्योच ठेव. दिसण्याला काय चाटायचंय? पर एका हिसक्यात कळत न्हाय. अजून दोन मार."

मारले. दोन्ही दिवस एक अक्षरही हललं नाही. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या! ह्यांनी गपचूप शिवाजी पेठेतून जिलबी आणली. अव्वाने पहिलं वेटोळं कंप्युटरपुढे ठेवलं, मग स्वतः खाल्लं.

ते अर्धं पत्र मी तसंच ठेवलं आणि पुरं पत्र नव्याने लिहून पाठवलं. नंतर मशीन चार वेळा बदललं. दर वेळी आधी मेलची नक्कल काढली, सिस्टरांच्या वहीसारखी.

अव्वाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा नव्या लॅपटॉपवर सगळी पत्रं उघडली... एकही कमी नाही. सुनंदाच्या मुलीला, ईशाला, व्हिडिओ कॉलवर दाखवली. ईशा मराठी बोलते, पण तिला देवनागरी वाचता येत नाही. ही पत्रं इंग्रजी अक्षरांत होती ना... पोरगी घडाघडा वाचायला लागली! आजीला तिने धड पाहिलंही नाही, आणि तिच्या तोंडून अव्वा बोलत होती. "लई वाळू नगंस, दोन घास जास्त खा" म्हणाली, तेव्हा सुनंदा आणि मी एकदमच हसलो आणि एकदमच डोळे पुसले.

तेव्हा आता या पत्रांचं वाटप सांगून ठेवते. निळा पेन ड्राइव्ह सुनंदाला, त्यात तिची स्वतःची पत्रं आहेत. लाल पेन ड्राइव्ह ईशाला, त्यात अव्वाची सगळी. हुपरीचा आमचा दादा कंप्युटरला हात लावत नाही, त्याला पैंजणांबद्दलची पत्रं मोठ्या अक्षरांत छापून, फाइलला लावून.

आणि ते अर्धं पत्रही ईशालाच. पुढचं पुऱ्या पत्रात आहेच, पण तेल टाळूवर कसं लावायचं, ते सुनंदाने तिला तोंडीच सांगायचं.