आहेराच्या रेकॉर्डिंगवर अडलेला कम्प्युटर

लग्नाच्या व्हिडिओचा एक्सपोर्ट पुन्हा अडकला. स्क्रीनवरची हिरवी पट्टी आहेरापर्यंत आली आणि तिथेच थिजली.

"रॅम टाकून घे ना वो," आमचे हे म्हणाले. "आठची सोळा कर. मी आनलीच हाये."

नवी रॅम टेबलावर पाकिटात पडली होती. ती बसवायची म्हणजे कम्प्युटर बंद करून कॅबिनेट उघडायचं. आणि माझा हात काही केल्या बंदच्या बटणाकडे जाईना.

साकोलीत आमचं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. शूटिंग हे करतात, एडिटिंग मी. सीझनमध्ये लग्नाला लग्न लागून असतं. त्यामुळे कॅमेऱ्याचं कार्ड कम्प्युटरवर उतरवायचं आणि रिकामं करून दुसऱ्या दिवशीच्या मांडवात न्यायचं, अशी आमची रीत. म्हणजे या लग्नाचं मूळ रेकॉर्डिंग जगात एकाच ठिकाणी होतं. माझ्या पायाशी घरघरणाऱ्या त्या डब्यात.

आणि समोरच्या खुर्चीत वनिताकाकू बसल्या होत्या. नवरी मंगलाची आई. लाखांदूरकडच्या गावातून एसटीने आलेल्या. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नवरीचे वडील वारले. तलावावर मासे धरणारा, खड्या आवाजाचा माणूस. लेकीच्या लग्नात आहेर त्यांनीच माइकवरून पुकारला होता. कोणाकडून लुगडं, कोणाकडून पाणी भरायचा पितळेचा गुंड, सगळ्या गावाची नावं.

काकूंना आम्ही आधी एक कच्ची कॉपी दिली होती. ती त्यांनी परत आणली होती.

"याच्यात त्याहिचा आवाज नाही, बाई. गानं वाजते निस्तं."

बरोबर होतं त्यांचं. आहेर लांबतो, बघणारा कंटाळतो, म्हणून मूळ आवाज बंद करून त्यावर गाणं टाकायचं, हे सगळेच एडिटर करतात. मीही केलं होतं. आता गाणं काढून आवाज परत लावला, तर एक्सपोर्ट पुढे जाईना.

"काकू, कोणता भाग पायजे तुमाले?"

"शेवटी माहं नाव घेतलं होतं त्याहिनं. माइकवर. जिंदगीभर कधी घेतलं नाही. मंगलाची माय, मंगलाची माय. तेवढंच पायजे."

पट्टी अडत होती ती नेमकी तिथेच.

रॅम म्हणजे काय, ते मी गिऱ्हाइकांना असं सांगते: रॅम हा स्वयंपाकाचा ओटा, हार्ड डिस्क ही धान्याची कोठी. ओटा लहान असला की काम रखडतं, हे खरं. पण ओटा लहान असेल तर आज इथे अडेल, उद्या तिथे. दर वेळी त्याच दाण्यापाशी अडत असेल, तर कोठीत बघावं. मी मेमरीचा आकडा उघडून पाहिला. रॅम निम्मी रिकामी. हार्ड डिस्क मात्र पूर्ण कामात, आणि कॅबिनेटला कान लावला तर आतून टक टक आवाज. डिस्क मरायला टेकली होती. बंद केली असती तर पुन्हा उठली असती की नाही, देव जाणे.

"रॅम राहू द्या," मी यांना म्हणाले. "पोर्टेबल डिस्क आना. आन् कूलर बंद करा."

"काहून? मरून राहिलो गरमीनं."

"लाइन ट्रिप झाली तर आपला यूपीएस चहा होईपर्यंतही टिकत नाही. करा बंद."

शिस्तीने जायचं तर चांगल्या फाइली आधी काढायच्या, आजारी शेवटी. काकूंना तसं सांगितलं.

"ते गेलं तं बाकीचं कायले पायजे मले?" त्या म्हणाल्या.

म्हणून आजारी फाइल आधी घेतली. कॉपी सुरू झाली आणि अर्ध्यावर थांबली. टक टक. हे घामाने निथळत उभे, काकूंच्या हातात पदर, आणि मी माउसवरून हातही उचलत नव्हते. एवढी भीती मला माझ्या बारावीच्या निकालालाही वाटली नव्हती. मग पट्टी हलली. पुन्हा थांबली. पुन्हा हलली. शेवटी फाइल पलीकडे उतरली.

लावून पाहिली. चित्र जागोजाग चौकोनात फुटत होतं. आवाज मात्र साफ.

"आनि आमच्या वनिताबाईकडून, पितळेचा गुंड!" मांडवात हशा पिकला. पुकारणाराही हसला.

काकूंनी डोळ्याला पदर लावला. "पुन्हा लाव," म्हणाल्या. मी लावलं. लाखांदूरची एसटी निघून गेली तरी लावत होते.

बाकीच्या फाइली उतरल्यावर कम्प्युटर बंद केला. ती डिस्क पुन्हा कधी उठली नाही. नवी डिस्क घातली तेव्हा ती रॅमही बसवली, काम झपाट्याने होतं आता. पण कार्ड मात्र दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय मी यांच्या हातात देत नाही.

आणि आहेरावर गाणं टाकणं बंद केलं. गिऱ्हाईक फारच मागे लागलं तर सांगते, "नाही जमत हो, रॅम कमी पडते."