पानाताई आणि वडिलांची बोट

शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपघरात ती एकतीस वर्षं फिटर होती. तिथे तिला सगळे पानाताई म्हणत. मागच्या खिशात कायम एक पाना असे, आणि बाईमाणूस म्हणून कोणी तिच्या हातातलं काम काढून घ्यायला आला की ती तो त्याच्यापुढे धरी. म्हणे, "घे. पण अर्धवट टाकून जायचं नाही." बहुतेक जण आल्या पावली परत जात.

घरातही तीच थोरली. पाठचा भाऊ सात वर्षांनी लहान. पन्नाशी उलटली तरी घरात त्याला बाळच म्हणत. तो विमा कचेरीत टेबलामागे बसून काम करी. हात मऊ. त्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते बोटीबद्दल.

बोट वडिलांची. लाकडी, सहा माणसांची, मधोमध पेटीखाली चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. सुट्टीच्या दिवशी तलावात फिरायचं, एवढाच तिचा उपयोग. पण ती चालती ठेवायला वडिलांना दुसरं माणूस लागे, आणि ते माणूस म्हणजे मुलगी. चौदाव्या वर्षी तिने त्या इंजिनाचे व्हॉल्व्ह पहिल्यांदा घासून बसवले. आठ व्हॉल्व्ह, एकेकाला चाळीस मिनिटं, दोन तळहातांत काठी फिरवत. दुसऱ्या दिवशी शाळेत पेन्सिल धरता येईना. बाळ तेव्हा पुढच्या बाकावर पाय पाण्यात सोडून बसलेला असे. वडील गेले आणि त्यांचा कागद उघडला, त्यात लिहिलं होतं: हत्यारांची पेटी मुलीला, बोट मुलाला.

पेटी चांगली होती. ती रोज वापरात होती. पण रविवारी धाकटा वडिलांच्या जागी स्टिअरिंगमागे बसे, तोंडाने शीळ घाली, आणि धक्क्यावरून ते बघताना हिच्या पोटात दुखे. कोणी विचारलं तर म्हणे, "मला कुठे वेळ आहे पाण्यात चकरा मारायला?"

सुरुवातीची काही वर्षं सर्व्हिसिंगला तो तिलाच बोलवायचा. मग धक्क्याजवळ एका मेकॅनिकने दुकान टाकलं. खिशावर नाव शिवलेला शर्ट, पायांत पांढरे बूट. धाकट्याने इंजिन त्याच्या हवाली केलं. घरी चार पाहुणे बसलेले असताना कोणीतरी म्हणालं, घरात फिटर असताना बाहेर कशाला? तर हा हसत म्हणाला, "ताईला पंप कळतात. बोटीचं वेगळं असतं."

तो सहज बोलून गेला. तिच्या मात्र जिव्हारी लागलं. पांढरे बूट घालून इंजिनाखाली शिरणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात भावजयीची विसरलेली छत्री आणायला ती बोटीत चढली. आसपास कोणी नव्हतं. सवयीने तिने पेटीचं झाकण उचललं आणि तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली. तेल काळं असायला हवं. पट्टीवर दूध जास्त झालेल्या चहासारखा रंग होता. बोटांत चोळलं तर चिकटपणा नाही. तेलात पाणी शिरत होतं. अशा तेलावर बेअरिंगं फार दिवस काढत नाहीत, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने पट्टी पुसली, होती तशी बसवली, झाकण लावलं आणि छत्री घेऊन घरी आली. भावाला काही बोलली नाही. बोटीचं वेगळं असतं ना, मग बघेल तो शर्टवाला.

तीन आठवडे तिने मिठाची गुळणी धरली.

चौथ्या रविवारी भावजय हट्टाला पेटली. "ताई, आज तुम्ही यायचंच. रिटायर होऊन सहा महिने झाले, आता कुठला पंप वाट बघतोय तुमची?" ती गेली. तिला मागच्या बाकावर बसवलं, पाहुण्यांना बसवतात तिथे.

तलावाच्या मध्यावर आवाज सुरू झाला. ठक, ठक. वरचा नव्हे, खोलातला, जड. रेस दिली की वाढणारा. ती ताठ बसली. खालचं बेअरिंग गेलं होतं आणि पिस्टनचा रॉड आपटत होता. दोन शब्दांचं काम होतं: बाळ, बंद कर. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. त्याने वळावं. एकदा वळून विचारावं, ताई, हा आवाज कसला गं? मग ती सांगणार होती.

"अहो, काहीतरी वाजतंय," भावजय म्हणाली.

"म्हातारं इंजिन आहे. कुरकुरणारच. ओढ कमी वाटतेय, थोडी रेस वाढवतो."

भावजय मागे वळली. "ताई, तुम्हाला येतंय ना ऐकू? काय असेल?"

"मला पंप कळतात," ती म्हणाली. "बोटीचं वेगळं असतं."

धाकट्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने रेस पुढे ढकलली.

लोखंडावर घण घातल्यासारखा दणका बसला. बोट खालून हादरली आणि सगळं शांत झालं. पेटीच्या फटींतून धूर आला. धाकटा उठून झाकणाकडे धावला. "हात लावू नकोस," ती ओरडली, पण त्याने ते उचललं होतं. आतलं उकळतं तेल त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत उडालं. तो नुसता खाली बसला. ओरडलाही नाही.

पुढची दहा मिनिटं ती पंपघरात असल्यासारखी वागली. भावजयीला म्हणाली, "त्याचा हात तलावात धर, मी सांगेपर्यंत काढू नकोस." बॅटरीचा स्विच पाडला, डिझेलचा कॉक बंद केला. धूर ओसरल्यावर आत डोकावली. रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला होता. भोकात मूठ गेली असती. बाहेर येताना त्याने इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत आणणारा पाइपही तोडला होता आणि तलावाचं पाणी मनगटाएवढ्या धारेने बोटीत येत होतं. तळाचा व्हॉल्व्ह बंद करायला हवा होता. दांडा हलेना. वर्षभर कोणी फिरवला नव्हता. ती तेलातच पालथी पडली, बूट काढला, आणि त्याच्या टाचेने दांड्यावर ठोके दिले. अकराव्या ठोक्याला तो हलला, चौदाव्याला धार थांबली. तोवर फळ्यांवर घोट्याएवढं पाणी होतं.

बोटीत वल्हं एकच होतं. अर्धा तास ती एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने वल्हवत राहिली, तेव्हा एका भाड्याच्या बोटीने त्यांना पाहिलं आणि दोर टाकला.

"ताई, तुम्ही नसतात तर आज काय झालं असतं," भावजय धक्क्यावर रडत म्हणाली.

आणि तिला बरं वाटलं. भाऊ हात छातीशी धरून पांढराफटक उभा होता, चार माणसं तिच्या तेलकट कपड्यांकडे बघत होती, आणि तिला खरोखर बरं वाटलं. लाज वाटायला दवाखान्यात जावं लागलं, डॉक्टरांनी त्याच्या हाताची कातडी कापून काढायला घेतली तेव्हा.

बोट शेडमध्ये आणून ठोकळ्यांवर चढवली. इंजिन कामातून गेलं होतं, ते उतरवायचं होतं. त्या आठवड्यात ती रोज सकाळी जायची. पाइप सोडवले, वायरींना चिठ्ठ्या बांधल्या, खालची तेलाची पेटी उघडली. त्यात तो चहाचा रंग होता, आणि बेअरिंगच्या वाट्या झिजून कागदाएवढ्या पातळ झाल्या होत्या.

शनिवारी धाकटा आला. हात बांधलेला. ब्लॉकच्या भोकाजवळ जाऊन उभा राहिला.

"मेकॅनिक म्हणतो, मी रेस वाढवली म्हणून गेलं."

तिने पाना एका नटला लावला.

"खरंच आहे ते. बाबांनी इतकी वर्षं चालवलं, मी सहा वर्षांत मारून टाकलं." त्याने डावा हात बोटीच्या कडेवरून फिरवला. "आम्ही दोघांनी ठरवलंय, ताई. बोट तू घे. नवं इंजिन बसव, काय वाटेल ते कर. खरं तर तुझीच होती ती. मला तेव्हाही माहीत होतं."

हे वाक्य ऐकण्यासाठी तिने सहा वर्षं काढली होती. नुसतं बरं म्हणायचं होतं. स्टिअरिंगमागची जागा दोन हातांवर होती. आणि तो धाकटा, ज्याच्या वाट्याला सगळं आयतं यायचं, तो मान खाली घालून उभा होता. अशी बोट घेतली असती तर ती चोरीचीच झाली असती, फक्त कोणाला कळलं नसतं.

तिने पाना खाली ठेवला.

"रेसने गेलं नाही. तेलात पाणी होतं. मी पाहिलं होतं, तीन आठवडे आधी."

"कुठे पाहिलंस?"

"पट्टीवर. छत्री आणायला आले होते तेव्हा. आणि त्या दिवशी ठकठक सुरू झाली तेव्हा मला कळलं होतं रॉड जाणार म्हणून."

त्याने डावा हात बोटीवरून काढून घेतला.

"हिने विचारलं होतं तुला. तोंडावर विचारलं होतं."

"हो."

"आणि तू मला टोमणा मारलास."

"हो."

"का?"

"तू विचारावंस म्हणून थांबले होते."

"मी नसतं विचारलं," तो म्हणाला. "मेलो असतो तरी नसतं विचारलं तुला. सगळं येतं तुला. लहानपणापासून बाबा तुझ्याशीच बोलायचे, नट, बोल्ट, व्हॉल्व्ह. मी बाकावर बसून ऐकायचो. बोट मिळाली तेव्हा वाटलं, चला, एक तरी गोष्ट माझी."

हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तो बसून असायचा, एवढंच तिला दिसलं होतं.

तो बाहेर गेला आणि गाडीत बसून राहिला. गाडी सुरू केली नाही. तिने पुन्हा पाना उचलला. इंजिनाच्या बैठकीचे चार बोल्ट राहिले होते. गंजलेले. एकेकाला वीस मिनिटं लागली. तिसरा सुटला तेव्हा तो दारात आला.

"बोट देत नाही मी."

"बरं."

"आणि तुझ्याशी मी सध्या बोलणार नाही."

"बरं."

"हे धूड उतरवायला किती माणसं लागतील?"

"चार."

"तिघं आणतो. मी आहेच चौथा."

"मी कुठे गेले?"

"तू नुसतं सांग कसं धरायचं ते."

"पुढून धरणाऱ्याला काही वाटत नाही. सगळं वजन मागे, गिअरच्या बाजूला असतं. मागे मी राहणार."

"मागे मी राहणार," तो म्हणाला. "इंजिन माझं आहे."

"हात बघ तुझा."

"आठ दिवसांत पट्टी सुटेल."

"मग आठ दिवसांनी आण माणसं," ती म्हणाली, आणि चौथ्या बोल्टला पाना लावला.